रेहानची फिल्म

"माझ्या पोराची फिल्म आहे," गफूर वस्तादने धुळ्याच्या डॉक्टरला बिनदिक्कत ठोकून दिलं. कोपऱ्यातल्या 'रेहान' या नावावर त्याचा अंगठा होता.

डॉक्टरने फिल्म उजेडाला धरली. "ऑपरेशन झालंय, पण मणक्यातली गादी पुन्हा सरकणार. गादीच्या कवचाला भोक मोठं राहिलंय आणि आतला गर बराच उरलाय. वाकलेल्या कमरेला डावीकडे पीळ बसला की पायही जातील. पोराला आखाड्यात उतरवू नका."

"नाही उतरवणार," गफूर म्हणाला. भुसावळ येईपर्यंत त्याच्या मनात आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या.

रेहान त्याचाच चेला. गफूरच्या तालमीचं मीठ खाऊन दुसऱ्या तालमीत गेला आणि गेल्या जत्रेत त्याने गफूरच्याच पोराला, सैफला, चीत केलं. तो राग गफूर वर्षभर चघळत होता. स्कॅन सेंटरच्या पितांबरला दमात घेऊन त्याने ही फिल्म मिळवली होती.

"कोनले सांगू नका, वस्ताद," पितांबर घाम पुसत म्हणाला होता.

रेहानसारखंच ऑपरेशन सैफच्या कमरेचंही झालं होतं. त्याच्या आईने, अनवरीने, बजावलं होतं की फिल्म साफ आली तरच कुस्ती. सैफने पितांबरकडून आपली फिल्म आणून दाखवली. सोबतच्या कागदावर लिहिलं होतं, काही दोष नाही.

मग महिनाभर गफूरने सैफकडून एकच डाव घोटून घेतला. "वाक, कंबर धर, उचल, डावीकडे पीळ."

"डावीकडेच का, अब्बा?"

"सांगतो तेवढं कर."

सैफ रोज शंभर वेळा वाकला. पुढेपुढे उठताना ओठ चावू लागला. गफूरला वाटलं, पोराला चेव चढलाय.

साक्रीच्या जत्रेत दोघे भिडले. रेहानच्या कोपराने सैफचं नाक फुटलं. सैफने त्याच्या मानेवर रट्टे घातले, डोकं मातीत रगडलं. दोघांच्या तोंडाचं रक्त अंगाला माखलं.

"मोड त्याला," गफूर ओरडला.

सैफ वाकला, रेहानला कमरेतून उचललं आणि स्वतःसकट डावीकडे पिळलं. दोघेही कोसळले.

रेहान उठला. माती झटकून त्याने हात पुढे केला. "ऊठ ना भो."

सैफ उठला नाही. त्याचे पाय ओल्या पोत्यासारखे पडून होते.

गफूरने धावत येऊन त्याचं डोकं मांडीवर घेतलं. "काय झालं, बेटा? तुझी फिल्म तर साफ होती."

सैफ रक्त थुंकला. "अम्मी लढू देणार नव्हती, म्हणून पितांबरला आमच्या दोघांच्या फिल्मवरची नावं बदलायला लावली. साफ फिल्म रेहानची होती, अब्बा."