दर्भाचा कावळा

ऑपरेशन करून काढलेला कडूबांच्या आतड्याचा एक तुकडा त्यांच्या लेकीनं, शीतलनं, जालन्यात आपल्या प्रयोगशाळेत नेला. माणसाच्या आतड्याच्या पेशी काचेच्या ताटलीत वाढवायच्या आणि त्यांच्यावर औषधं तपासायची, हेच तिचं काम. "ने माय, न्हाईतर फेकूनच देणार हायेत," कडूबाच म्हणाले होते. पुढं महिन्याभरात ते गेले.

दहाव्याला शहागडला, गोदावरीच्या काठी पिंड मांडला. बाभळीवर कावळे बसून होते, पण एकही खाली उतरेना. सोमेश्वरकाकांनी हात जोडले. "दादा, वहिनीला मी सांभाळतो, लेकीकडं बराबर लक्ष देतो. मंग आता कशात जीव गुतून राह्यला तुमचा?" ऊन डोक्यावर आलं तरी कावळे हलले नाहीत. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि सगळे उठले.

तेरावं उरकून शीतल कामावर आली. उबदार पेटीतून तिनं वडिलांची ताटली काढली. पेशी चांगल्याच वाढल्या होत्या, एकमेकींना धरून बारीक आतड्यासारख्या वळल्या होत्या.

"तू नव्हतीस, पण मी यांना उपाशी ठेवलं न्हाई," शेजारच्या टेबलावरून फरहाना म्हणाली.

शीतलनं त्यांच्या खाद्याचे गुलाबी थेंब ताटलीत सोडले. तेवढ्यात बंद खिडकीच्या काचेवर टकटक झाली. ती दचकली. फरहानानं मानही वर केली नाही.



"कावळा हाय. तू सुट्टीवर गेलीस तवापासून येऊन राह्यला. यांना खायला घातलं की बराबर येतो."