उपाशीपोटी

सकाळी साडेसात वाजता छकुलीला ऑपरेशन थिएटरच्या बाहेरच्या खोलीत आणलं. अंगात हिरवा झगा, डोक्याला कागदी टोपी. वय पाच. हृदयात जन्मापासून छिद्र. रडली की ओठ निळे पडायचे. ऑपरेशनची तारीख याआधी दोनदा हुकली होती, एकदा तापामुळं, एकदा खोकल्यामुळं. मुंबईचे सर्जन बारामतीत आजच्या दिवसापुरते आले होते.

श्रेयानं लेकीची हनुवटी पुसली. बोटांना चिकट लागलं.

"आत्या, हिच्या तोंडाला काय लागलंय?"

"दही-साखर," कुशाबाई म्हणाल्या. त्या सणसरहून पहिल्या एसटीनं आल्या होत्या. सून कपडे बदलायला गेली तेवढ्यात त्यांनी नातीच्या हातावर दही घातलं होतं. "एवढ्या मोठ्या कामाला निघालीय पोर. तशीच धाडायची व्हय?"

"पाणीसुद्धा द्यायचं न्हवतं. सिस्टरनं रात्रीच सांगितलं हुतं."

"ते जेवणाचं. ह्यो शकुन हाय. तुझा नवरा दहावीच्या पेपरला निघाला तवाबी घातला हुता."

"आन् नापास झालं ते."

"ते गणितामुळं."

"किती दिलं, आत्या?"

"एकदाच दिलं. मग तिनं आनखी मागितलं. रातीपासनं उपाशी पोर, न्हाय कसं म्हनायचं? मी काय इख घातलं?"

त्यांच्या मांडीवरची स्टीलची डबी रिकामी होती.

ऋषिराज रात्रपाळी करून लोणी देवकरहून थेट आला होता. कंपनीचा शर्ट अजून अंगात होता. तो बायकोच्या जवळ सरकला.

"गप ऱ्हा. कुनाला बोलू नगं."

"भूल दिल्यावर पोटातलं उलटून फुफ्फुसात जातं, असं म्हणली सिस्टर."

"जातंच म्हणली, का जाऊ शकतं म्हणली?"

श्रेयानं छकुलीची टोपी सरळ केली.

"दोनदा परत गेलो आपण," तो म्हणाला. "गेल्या महिन्यात पोर अंगणात निळी पडली. आज ऱ्हायलं तर परत कवा?"

शेजारच्या बाकावर इंदापूरची फरिदा मुलाला मांडीवर घेऊन बसली होती. तिच्या सादचा नंबर छकुलीनंतर होता. तिनं सगळं ऐकलं होतं. ती समोरच्या भिंतीकडे बघत राहिली.

भूल देणाऱ्या डॉक्टरबाई आल्या. "रात्रीपासून पोटात काही गेलंय हिच्या?"

"न्हाय," ऋषिराज म्हणाला.

वॉर्डबॉयनं छकुलीची ट्रॉली ढकलली. श्रेयानं तिचा दांडा धरला.

"सोडा, ताई," वॉर्डबॉय म्हणाला.

श्रेयानं सोडला नाही. "दही खाल्लंय तिनं. आत्ताच. डबीभर."

डॉक्टरबाईंनी आधी कुशाबाईंकडे पाहिलं, मग घड्याळाकडे.

"आता भूल देता येणार नाही. सहा तास तरी थांबावं लागेल. दुसऱ्या मुलाला आधी घेते. त्याचं वेळेत उरकलं तर बघू. सरांना संध्याकाळी निघायचंय." त्या फरिदाकडे वळल्या. "यानं काही खाल्लंय?"

"न्हाय जी. पाण्याचा थेंब न्हाय."

फरिदा सादला घेऊन उठली. दारापाशी ती थांबली आणि श्रेयाला म्हणाली, "ताई, दुवा करा आमच्यासाठी."

श्रेयानं मान हलवली. दार लागलं.

"झालं समाधान?" ऋषिराज म्हणाला आणि खिडकीकडे तोंड करून उभा राहिला.

दुपारी दोन वाजता थिएटरच्या दारावरचा लाल दिवा सुरूच होता; सादचं ऑपरेशन संपलं नव्हतं. कुशाबाई खाली पायरीवर जाऊन बसल्या होत्या आणि वर यायला तयार नव्हत्या. सर्जनची गाडी पोर्चमध्ये येऊन लागली होती. किती वाजता निघायचं ते ड्रायव्हरला अजून कळलं नव्हतं. वॉर्डात छकुली जागी होती आणि जेवायला मागत होती. तिला द्यायचं की नाही, हे कोणीच सांगत नव्हतं.