रिकाम्या कॉकपिटचं वजन

रविवारी थोरकिलचं रिमोटवरचं विमान उडालं, ते परत उतरलंच नाही. असो. ती नंतरची गोष्ट.

त्याआधीच्या सोमवारी ते लिमफ्योर्ड खाडीकाठच्या बार्लीच्या शेतात नाकावर आपटलं आणि कॉकपिटमधला रबरी वैमानिक हरवला. थोरकिलच्या नावावर आणखी एक अपघात लागला की रिमोट-विमानांच्या क्लबमधून हकालपट्टी ठरलेली होती.

थकल्या हातांनी त्याने पंख चिकटवले. तोल बघायला विमान दोन बोटांवर धरलं, तर नाक खाली गेलं. त्याने शेपटीला शिसं लावलं.

मंगळवारी नाक पुन्हा खाली. बुधवारीही.

"बिर्गिट, हे रोज जड होतंय गं."

"तूही होतोयस. मी कधी तक्रार केली?" बायको म्हणाली आणि तिने स्वयंपाकघरातला वजनकाटा पुढे सरकवला.

काटा रोज चाळीस ग्रॅम जास्त दाखवत राहिला.

शनिवारीही कॉकपिट रिकामंच होतं. फक्त काच आतून धुरकट झाली होती. त्याने काच उघडून पुसली आणि बंद केली. ती धुरकट झाली, निवळली, पुन्हा धुरकट झाली.

थोरकिलने खुर्ची ओढली आणि क्लबच्या सचिवांना अर्ज लिहिला: "सदर विमान आता दुसरे कोणी चालवत असल्याने, यापुढील अपघात कृपया त्यांच्या नावे नोंदवावेत, ही विनंती."