बॅटरी उतरेपर्यंत

मुलाने चार्जरची पिन काढली आणि लॅपटॉप आईच्या मांडीवरून उचलून टेबलावर ठेवला.

आईचं बोट हवेतच राहिलं. आजाराने तिचं सगळं अंग लुळं पडलं होतं, वाचाही गेली होती. उरलं होतं ते उजव्या हाताचं हे एक बोट. त्या बोटाने ती एकेक अक्षर दाबायची आणि लॅपटॉप तिच्या वतीने बोलायचा, कुणा परक्या बाईच्या शहाण्या आवाजात. "ताई येऊन जाऊ दे, मग कर," असं त्या बाईने आत्ताच दोनदा सांगून पाहिलं होतं.

"अगं, ताईसाठीच तर करतोय," मुलगा म्हणाला. "बॅटरीचा आकडा थापा मारतोय. चाळीस टक्के दाखवतो आणि धाडकन बंद पडतो. आता एकदा पार शून्यावर आणायची, पाच तास तशीच ठेवायची, मग एका दमात शंभरपर्यंत भरायची. की येते ताळ्यावर. मधे हात लावायचा नाही."

ताई दुपारी येणार होती आणि उद्या सकाळी वृद्धाश्रमाची गाडी. "आई स्वतः नको म्हणाली, तर मी पाठवू देणार नाही," ताईने फोनवर भावाला बजावलं होतं. फोनचा स्पीकर चालू होता, त्यामुळे आईनेही ते ऐकलं. तेव्हापासून तिने तो एक शब्द जिवापाड जपून ठेवला होता.

बॅटरी लवकर उतरावी म्हणून मुलाने स्क्रीनचा उजेड वाढवला, आवाज पूर्ण सोडला आणि घरचा एक जुना व्हिडिओ लावला. त्याचाच पाचवा वाढदिवस. त्यात आईच्या तोंडाचा पट्टा नुसता सुटला होता. "अरे, आधी हात धू! ताई, उचल गं त्याला तिथून! माझं मेलं कुणी ऐकतच नाही!"

"अहो आई, किती बोलायचात तुम्ही!" सून आतून हसत म्हणाली.

व्हिडिओ संपला की मुलगा तो पुन्हा लावायचा. आईने स्वतःच्याच आवाजाला कधी इतके शिव्याशाप दिले नव्हते. शेवटी "माझं मेलं" एवढ्यावर तो आवाज तुटला आणि स्क्रीन काळी झाली.

"झालं!" मुलाने लॅपटॉप परत तिच्या मांडीवर ठेवला. "असू दे तुझ्याजवळ. बरं वाटेल."

ताई आली ती घाईतच. संध्याकाळी तिला परतायचं होतं.

"हे काय, बंद? चार्जर लाव की."

"मधेच लावला तर सगळं मुसळ केरात. पुन्हा पहिल्यापासून. आणि मागच्या खेपेला अर्ध्या वाक्यात बंद पडला, तेव्हा नीट करून घे म्हणून कोण ओरडलं होतं?"

ताईने घड्याळात पाहिलं. थांबायला तिला वेळ नव्हता. खरं सांगायचं तर आईला घेऊन जायला तिच्या घरात जागाही नव्हती.

आईचं बोट बंद लॅपटॉपवर चालू लागलं. न. क. काना-मात्रा. पुन्हा न. क. काना-मात्रा. आवाज आला तो नुसता बटणांचा, टक टक टक.

ताई बघत होती. त्या बटणांवरची मोठी, ठसठशीत अक्षरं आईला दिसावीत म्हणून तिनेच छापून आणली होती, आणि तिनेच चिकटवली होती.

बराच वेळ बघून तिने आईचं बोट अलगद उचललं, शालीखाली सारलं आणि लॅपटॉपचं झाकण मिटलं.

"बोट सारखं हलतंय रे," ती भावाला म्हणाली. "दमली असेल. पडू दे तिला जरा."

सकाळी गाडी वेळेवर आली. आईला आत बसवल्यावर मुलाने लॅपटॉप तिच्या मांडीवर उघडून ठेवला आणि तिचं बोट बटणांवर टेकवून दिलं.

"बघ. आता शंभर म्हणजे खरंच शंभर," तो म्हणाला. त्याला मनापासून आनंद झाला होता. "बोल आता, हवं तेवढं बोल."

आणि त्याने बाहेरून गाडीचं दार लावलं.