उचललेला पाय

शहर बांधताना दगड ओढणाऱ्या घोड्यांची आठवण म्हणून चौकात एका घोड्याचा पुतळा उभा राहिला. अनावरणाला शिल्पकार रंगात येऊन सांगत होता, "जुन्या फोटोवरून केलाय. पुढचा पाय कसा ऐटीत उचललाय बघा! लगाम धरलेला कुणाचा तरी हात मध्ये येत होता, तेवढा गाळला."

गर्दी पांगली, तरी घोड्यांना नाल ठोकण्यात जन्म घालवलेले आजोबा त्या पायावरून हात फिरवतच राहिले.

"केवढी ऐट ना, आजोबा?" नात म्हणाली.

"डोंबलाची ऐट! पाय मोडलाय त्याचा. असल्या घोड्याला गोळी घालण्याआधी मुकादम मालकाला दाखवायच्या पुराव्याला असा फोटो काढून ठेवायचा."



मग खालच्या आवाजात म्हणाले, "तो मध्ये येणारा हात माझा होता, बाळ."