फुटपट्टीचा नकाशा

"बाकीचे कुठे उलथले?" मॅडमनी विचारलं.

"दोघं भांडी घासायला लागले, एक भंगार गोळा करतो. आणि जाड्या नुसताच कंटाळला," फुटपट्टी म्हणाली.

साइटवरच्या पत्र्याच्या शेडमध्ये एक सोडून सगळी बाकं रिकामी होती. वस्तीतल्या पोरांनी इंजिनिअर व्हावं म्हणून बांधकाम कंपनीनं हा वर्ग काढला, तेव्हा शिकवायला मॅडमनीच हौसेनं हात वर केला होता. त्या हौसेचा आता पार चोथा झाला होता. उरली होती ही एकटी. सदान्‌कदा हातात पट्टी, म्हणून वस्तीनं तिचं नावच फुटपट्टी पाडलेलं.

"मामी म्हणते, आता बास. कंपनीची जागा मिळाली तर ठीक, नाहीतर सोमवारपासून तिच्याबरोबर धुणीभांडी."

जागा म्हणजे डिप्लोमाचं शिक्षण आणि पुढे नोकरी. तीही एकच. त्यासाठी मोठ्या साहेबांनी काम नेमून दिलं होतं: आपल्या वस्तीचा नकाशा काढायचा, घर न्‌ घर मोजून. साहेब म्हणजे एरवी पेन्सिल द्यायलाही कुरकुरणारा माणूस, पण या कामाला त्यांनी नवंकोरं मोजणीयंत्र काढून दिलं. मॅडमना तेव्हा अगदी भरून आलं होतं.

फुटपट्टीनं नकाशा उलगडला. गल्ल्या, मोऱ्या, उंबरे, सगळं जागच्या जागी. मॅडम बघतच राहिल्या.

"अगं, यंत्र घेऊन आत शिरलीस कशी? आमच्या मोजणीवाल्यांना तर दगड मारून पिटाळलं होतं."

"ते कोण कुठले! मला सगळे ये गं बाई म्हणतात. लंगड्या काकांनी तर खाट बाहेर काढून दिली. म्हणाले, कोपरा नीट माप, आपली पोर इंजिनिअर होतेय."

"आणि हे एक घर कोरं का?"

फुटपट्टीनं मान खाली घातली. "आमचंच आहे. मामी मोजू देत नाही."

मॅडम तडक उठल्या आणि तिच्याबरोबर वस्तीत गेल्या. मामी दारातच उभी होती, पदर खोचून.

"शिकून काय दिवे लावणार आहे ही? तुमच्यासारख्या बाया येतात, पोरांना स्वप्नं दाखवतात आणि जातात."

"मी जाणार नाही. हा नकाशा पुरा झाला ना, की जागा हिचीच."

मामीनं खोचलेला पदर सोडला. मग बाजूला सरली. "आईविना पोर आहे, बाई. तोंडघशी पाडू नका."

"माझा शब्द आहे," मॅडम म्हणाल्या, आणि टेपचं दुसरं टोक स्वतः धरून त्यांनी ते घर मापून घेतलं.

दुसऱ्या दिवशी त्या नकाशा घेऊन साहेबांच्या केबिनमध्ये गेल्या. नाही म्हणाले तर त्या मामीला काय तोंड दाखवायचं? साहेबांनी नकाशावर भिंग फिरवलं. कधी नव्हे ते हसले.

"वा! एक घर सुटलं नाही! दिली जागा."

"खरंच?" मॅडमच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. इतक्या दिवसांत काहीतरी एक धड झालं होतं.

साहेबांनी ड्राफ्ट्समनला बोलावून नकाशा त्याच्या हातात दिला. "याच्यावर आपलं काम चढवून आण."

मॅडम तिथेच बसून राहिल्या. पोरीला कसं सांगायचं, मामी काय म्हणेल, याच्याच विचारात. थोड्या वेळानं ड्राफ्ट्समननं मोठा कागद आणून टेबलावर पसरला. तोच नकाशा, पण मधून रुंद रस्ता गेलेला. आणि घरांच्या सगळ्या रेघा तुटक केलेल्या. या धंद्यात सलग रेघ म्हणजे राहणारं बांधकाम आणि तुटक म्हणजे पाडायचं, हे मॅडमना वेगळं सांगायची गरज नव्हती. लंगड्या काकांचं घर तुटक. मामीचंही तुटक.

"साहेब, हे..."

"इतकी वर्षं त्या वस्तीत आपल्याला एक खुंटी ठोकता आली नव्हती, मॅडम. कुठलं घर कुठवर आहे तेच माहीत नाही, तर नोटिसा काढायच्या कुणाला? तुम्ही कामच केलंत!" साहेबांनी समाधानानं भिंग खाली ठेवलं. "आता नाल्यापलीकडच्या वस्तीत वर्ग काढा. आणि या पोरीलाच बरोबर न्या. तिला लोक दारं उघडतात."