तिखट कान

"बस्स! उद्यापासून दुकानात पाऊल टाकायचं नाही," मिस्त्रींनी बायकोला सुनावलं, तेही गिऱ्हाइकादेखत.

बायकोनं हातातलं फडकं ठेवलं आणि ती जिना चढून घरात गेली.

मिस्त्री शिलाई मशीन दुरुस्त करत. स्क्रूड्रायव्हरचं टोक मशीनवर टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडाला लावायची आणि चाक फिरवायचं, की दुखणं कुठं आहे ते त्यांना अचूक कळायचं. मिस्त्रींचा कान तिखट, असं जो तो म्हणे. त्या कानाच्या जिवावरच घर चाललं होतं.

आणि बायको? उभ्या जन्मात तिनं कुणाच्या 'अरे'ला 'का रे' केलं नव्हतं. गेल्या वर्षभरात मात्र तिच्या अंगात काय संचारलं होतं कोण जाणे. रोज दुकानात येऊन बसायची आणि गिऱ्हाइकानं तोंड उघडायचा अवकाश, मध्ये पडायची. "अहो, ताई म्हणतायत टाका सुटतोय!" "अहो, काका विचारतायत शुक्रवारी मिळेल का!" आणि तेही असं ओरडून, की रस्त्यानं जाणारे वळून बघत. समोरची इस्त्रीवाली तर मिस्त्रींची कीव येऊन मान हलवायची.

हिला दुकान आपल्या हातात घ्यायचंय, मिस्त्रींनी ताडलं. नवरा मुठीत आहे, हे चारचौघांना दाखवायचंय. दुसरं काय!

दुसऱ्या दिवशी दुकानात कशी छान शांतता होती. मिस्त्री खुशीत होते. एक बाई मशीन घेऊन आली आणि नुसतेच ओठ हलवून गेली. घसा बसलेला दिसतो बिचारीचा, असं मनाशी म्हणत मिस्त्रींनी मान डोलावली. मग एक म्हातारे गृहस्थ आले. त्यांचाही घसा बसलेला. आज काय साथबिथ आलीय की काय!

मिस्त्रींनी बाईचं मशीन दुकानातल्या पायमशीनच्या स्टँडवर बसवलं. स्क्रूड्रायव्हर टेकवला, मूठ कानामागं लावली आणि पाय चालवायला सुरुवात केली. आवाज खणखणीत येत होता. आत कुठंतरी खट् होत होतं. तेवढ्यात डोक्याला खाज सुटली, म्हणून त्यांनी मूठ बाजूला घेतली. मशीन गप्प झालं.

गप्प कसलं? पाय तर चालूच होते. सुई वरखाली होत होती. मिस्त्रींनी मूठ पुन्हा कानामागं लावली. खट् खट्. काढली. काही नाही. पुन्हा लावली. खट् खट्.

मग त्यांचे पाय आपोआप थांबले.

कान गेला, ही बातमी फुटली असती तर कोण त्यांच्याकडे मशीन आणणार होतं? पण ती कुणाला लागलीच नव्हती. खुद्द त्यांनासुद्धा नाही. लोकांना ठाऊक होतं ते एवढंच, की मिस्त्रींची बायको भारी तोंडाळ आहे.

दुकान उघडंच टाकून मिस्त्री जिना चढले. बायको गॅलरीत कपडे वाळत घालत होती. रडून डोळे सुजले होते तिचे.

"चल खाली," मिस्त्री म्हणाले. "मला नाही जमत तुझ्याशिवाय."

ती काहीतरी बोलली. त्यांना तिचे ओठ हललेले तेवढे दिसले. त्यांचा कोरा चेहरा बघून ती चटकन जवळ आली आणि सवयीनं ओरडली, "खाली येते! पण तुम्ही जेवलात का, म्हणते मी!"

समोर इस्त्रीवालीनं कपाळावर हात मारून घेतला. मिस्त्रींचे डोळे भरून आले.

"आणखी जरा मोठ्यानं बोल गं," ते म्हणाले.